प्रक्रियकाची रचना : अभियांत्रिकी शिक्षणातील एक प्रात्यक्षिक मार्ग

शिधावाटप दुकानातील अंगठा घेणारे यंत्र, सातबारा उतारा देणारे संकेतस्थळ, रेल्वेची तिकीट खिडकी, बँकेचे रोकड देणारे यंत्र आणि हातातील भ्रमणध्वनी या सर्वांच्या पोटात एक समान वस्तू असते. नखाएवढ्या सिलिकॉनच्या चिपवर कोरलेला तो प्रक्रियक, म्हणजेच प्रोसेसर होय. संगणकाचे सर्व काम अखेर या प्रक्रियकापाशी येऊन पोहोचते. तो बाहेरून कसा वापरावा हे लक्षावधी लोकांस ठाऊक झाले आहे. तो आतून कसा चालतो व तसा का चालतो, हे जाणणाऱ्यांची संख्या मात्र अल्प आहे.

अभियांत्रिकी महाविद्यालयांतून ‘संगणक रचना’ हा विषय गेली अनेक वर्षे शिकविला जातो. विद्यार्थी आकृत्या काढतात, व्याख्या लिहितात व उत्तीर्णही होतात. परंतु ज्याने एकही प्रक्रियक स्वतः रचलेला नाही, त्याच्या मनात तो विषय कितपत रुजतो, हा प्रश्न शिक्षकांपुढे सतत उभा राहिला आहे. या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईत व जगातील इतर काही विद्यापीठांत शोधले गेले. विद्यार्थ्यांच्या हातून लहानसा का होईना, पण खराखुरा चालणारा प्रक्रियक रचवून घ्यावयाचा, हे ते उत्तर होय. त्याचे स्वरूप समजून घेणे शिक्षकांस, अधिकाऱ्यांस आणि आपली मुले तंत्रशिक्षणास पाठविणाऱ्या ग्रामीण पालकांसही उपयुक्त ठरावे.

प्रक्रियक म्हणजे काय?

एखाद्या तहसील कार्यालयाची कल्पना करावी. मागील बाजूस अभिलेख कक्ष आहे. तेथे हजारो क्रमांकित खणांत कागद ठेवलेले आहेत. समोर एक लिपिक बसला आहे. त्याच्या टेबलावर आठ छोटे कप्पे आहेत. लिपिकास एका वेळी एकच चिठ्ठी मिळते व तीवर एकच आज्ञा असते. ‘अमुक खणातील आकडा तिसऱ्या कप्प्यात आणा’, ‘दुसऱ्या व तिसऱ्या कप्प्यातील आकड्यांची बेरीज पाचव्या कप्प्यात ठेवा’, ‘दोन कप्प्यांतील आकडे समान असतील तर पुढील चिठ्ठी वगळून अमुक क्रमांकाची चिठ्ठी घ्या’, अशा त्या साध्या आज्ञा असतात. भिंतीवरील घंटेच्या प्रत्येक ठोक्यास लिपिक कामाचा एक टप्पा पुरा करतो.

प्रक्रियकाची रचना थोडीफार अशीच आहे. अभिलेख कक्ष म्हणजे संगणकाची स्मृती. टेबलावरील कप्पे म्हणजे नोंदक. चिठ्ठ्यांवर लिहिता येतील अशा सर्व आज्ञांची यादी म्हणजे आज्ञासंच. घंटा म्हणजे प्रक्रियकाचे घड्याळ. आजच्या प्रक्रियकांत तिचे ठोके सेकंदास कोट्यवधी पडतात. लिपिकास बुद्धी वापरण्याची मुभा नाही. चिठ्ठीवर जे लिहिले असेल तेवढेच तो करतो. संगणकाचे सारे चातुर्य चिठ्ठ्या लिहिणाऱ्याचे आणि कार्यालयाची मांडणी ठरविणाऱ्याचे असते. मांडणी ठरविण्याच्या याच शास्त्रास संगणक रचना म्हणतात.

पाठांतराची मर्यादा

आपल्याकडील बहुसंख्य तंत्रनिकेतनांत व अभियांत्रिकी महाविद्यालयांत या विषयाचे प्रात्यक्षिक इंटेल कंपनीच्या ८०८५ या प्रक्रियकाच्या संचावर होत आले आहे. १९७० च्या दशकात बाजारात आलेला हा आठ-अंकी प्रक्रियक शिकविण्यास सोपा आहे व त्याने विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांस संगणकाची ओळख करून दिली, हे मान्यच केले पाहिजे. विद्यार्थी छोट्या कळफलकावरून संकेतांक भरतो, कळ दाबतो व समोरच्या लाल आकड्यांत उत्तर पाहतो.

या पद्धतीत विद्यार्थी प्रक्रियक वापरावयास शिकतो. त्यात नोंदक किती आहेत, आज्ञा कोणत्या आहेत, हे तो पाठ करतो; कारण ते सर्व दुसऱ्या कोणी तरी आधीच ठरवून ठेवलेले असते. नोंदक एवढेच का, अधिक का नाहीत, एखादी आज्ञा घेतली आणि दुसरी का गाळली, हे प्रश्न त्याच्या मनात उद्भवण्याचे कारणच पडत नाही. वस्तुतः संगणक रचनेचा गाभा या ‘का’मध्ये आहे. तेथे प्रत्येक निर्णयाची काही ना काही किंमत मोजावी लागते आणि ती किंमत स्वतः मोजल्याखेरीज तिची जाणीव होत नाही.

मुंबईतील पहिला धडा

रचना करीत शिकण्याची परंपरा महाराष्ट्रास नवीन नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांच्या एका लहानशा गटाने संगणक बांधावयास घेतला. संगणक रचण्याचा पूर्वानुभव त्या गटाजवळ नव्हता. परदेशांतून आलेले अहवाल वाचावेत, मंडले जुळवावीत, चुकावे आणि पुन्हा जुळवावे, हीच त्यांची शाळा होती. १९५६ साली त्यांचे प्रायोगिक यंत्र चालू झाले. पूर्ण आकाराचे यंत्र १९६० च्या फेब्रुवारीत कार्यान्वित झाले आणि १९६२ साली पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्यास ‘टिफ्रॅक’ असे नाव दिले.

या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. त्याच्या स्मृतीत चाळीस-अंकी अशा २,०४८ शब्दांची सोय होती. आजच्या साध्या भ्रमणध्वनीपुढे ते यंत्र अत्यंत दुर्बळ वाटेल. ते पूर्ण झाले तेव्हाच जगात निर्वात नळ्यांची जागा ट्रान्झिस्टर घेऊ लागले होते. यंत्र जुने झाले, तथापि ते बांधताना जी माणसे तयार झाली ती जुनी झाली नाहीत. नरसिंहन स्वतः पुढे देशातील संगणक संस्थांच्या उभारणीत अग्रभागी राहिले. यंत्राचे आयुष्य थोडे आणि ते बांधताना मिळालेल्या ज्ञानाचे आयुष्य दीर्घ, हा टिफ्रॅकचा धडा आजही विसरण्याजोगा नाही.

पवई येथील सोळा-अंकी प्रक्रियक

मुंबईतच पवई येथे असलेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या विद्युत अभियांत्रिकी विभागात हाच धडा पदवीच्या वर्गात आणला गेला आहे. तेथे अध्यापनासाठी ‘आयआयटीबी-रिस्क’ नावाचा एक छोटा आज्ञासंच तयार करण्यात आला. ‘लिटल कॉम्प्युटर’ या अमेरिकन शैक्षणिक रचनेचा त्यास आधार आहे. यातील प्रत्येक आज्ञा सोळा द्विमान अंकांची, म्हणजे शून्य व एक अशा सोळा चिन्हांची असते. नोंदक आठच आहेत. आज्ञाही थोड्या, मूळ आवृत्तीत पंधराच्या आसपास आहेत. शिक्षक आज्ञासंच हाती देतात. त्या आज्ञा पाळणारे यंत्र विद्यार्थ्यांनी गटाने रचावयाचे असते.

सोळा अंकांची ही मर्यादा ऐकावयास क्षुल्लक वाटते; विद्यार्थ्याच्या शिक्षणास मात्र तेथूनच प्रारंभ होतो. बेरजेची आज्ञा घ्यावी. कोणती कृती करावयाची हे सांगण्यासाठी चार अंक लागतात, कारण चार द्विमान अंकांत सोळा वेगवेगळे संकेत बसतात. दोन आकडे कोणत्या नोंदकांतून घ्यावयाचे व उत्तर कोणत्या नोंदकात ठेवावयाचे, हे सांगण्यासाठी प्रत्येकी तीन अंक लागतात, कारण आठ नोंदकांची नावे तीन अंकांत मावतात. असे चार अधिक नऊ मिळून तेरा अंक झाले. उरलेल्या तीन अंकांत ‘मागील बेरजेत हातचा आला असेल तरच ही बेरीज करा’ यासारख्या अटी बसविता येतात.

आता एखादा विद्यार्थी म्हणेल की नोंदक आठाऐवजी सोळा असते तर बरे झाले असते. मग प्रत्येक नोंदकाच्या नावास चार अंक लागतील. तिन्ही नावांचे बारा व कृतीचे चार मिळून सोळाच्या सोळा अंक संपतील आणि अटींस जागाच उरणार नाही. शेतकरी एकाच वावरात एका पिकाचे क्षेत्र वाढवितो तेव्हा दुसऱ्याचे कमी होते, तोच हा हिशेब आहे. एखाद्या नोंदकात ठराविक आकडा मिळविण्याच्या आज्ञेत तर त्या आकड्यासाठी सहाच अंक शिल्लक राहतात. सहा अंकांत उणे ३२ पासून अधिक ३१ पर्यंतचेच आकडे मावतात. म्हणून १०० मिळवावयाचे झाल्यास एका आज्ञेने भागत नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. या मूळ आज्ञासंचात वजाबाकीची स्वतंत्र आज्ञा नाही. बेरीज आहे आणि ‘नँड’ नावाची एक तर्ककृती आहे. दोन्ही अंक एक असतील तर शून्य आणि अन्यथा एक, असा तिचा नियम आहे. एवढ्या सामग्रीवर ९ मधून ४ कसे वजा करावयाचे? सोळा अंकांत ४ ही संख्या ०००० ०००० ०००० ०१०० अशी लिहितात. तिची तिच्याशीच नँड कृती केली की सर्व अंक उलटतात व ११११ ११११ ११११ १०११ मिळते. त्यात एक मिळविला की ११११ ११११ ११११ ११०० होते. हाच उणे चार होय. त्यात ९, म्हणजे १००१, मिळविले की सोळा अंकांत ०१०१, म्हणजे ५ उरतात व एक हातचा बाहेर पडतो. यंत्रात वजाबाकीचे वेगळे मंडल न घालता वजाबाकी साधली. ही युक्ती पुस्तकात एका ओळीत दिलेली असते. जो विद्यार्थी तारा वाचविण्यासाठी ती स्वतः वापरतो, त्याला ती आयुष्यभर पुरते.

ही रचना प्रत्यक्ष तारा जोडून करीत नाहीत. ‘व्हीएचडीएल’ किंवा ‘व्हेरिलॉग’ या भाषांत मंडलाचे वर्णन लिहितात. संगणकावर त्याची नक्कल चालवून पाहतात आणि मग ‘एफपीजीए’ नावाच्या चिपवर ते उतरवितात. या चिपच्या आतील जोडण्या रचनाकारास हव्या तशा पुनःपुन्हा बदलता येतात. पाटीवर लिहावे, पुसावे आणि पुन्हा लिहावे, तसाच हा प्रकार. अशी पहिली चिप १९८५ साली बाजारात आली. त्यायोगे कारखान्यात चिप छापून घेण्याचा मोठा खर्च न करता वर्गातील रचना प्रत्यक्ष चालविणे शक्य झाले.

बेल्लमपल्लीचा लोहमार्ग आणि आज्ञांची रांग

पहिला साधा प्रक्रियक चालू झाला की विद्यार्थ्यांपुढे दुसरे काम येते. त्यांनी तोच प्रक्रियक अधिक वेगवान करावयाचा असतो. ही कल्पना समजण्यास विदर्भ व तेलंगण यांना जोडणाऱ्या लोहमार्गाचे उदाहरण सोयीचे आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारशाहून निघालेली गाडी सिरपूर कागजनगर, बेल्लमपल्ली, मंचेरियाल, रामगुंडम असे टप्पे घेत काझीपेठेस पोहोचते. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले व २०१६ पासून मंचेरियाल जिल्ह्यात मोडणारे बेल्लमपल्ली हे सिंगरेणीच्या कोळशाने ओळख मिळालेले गाव या मार्गावर मध्येच येते. समजा, एक गाडी काझीपेठेस पोहोचेपर्यंत बल्लारशाहून दुसरी सोडावयाचीच नाही असा नियम केला, तर हा मार्ग बहुतेक वेळ रिकामाच पडून राहील. म्हणून रेल्वेने मार्गाचे खंड पाडले आहेत. एका खंडात एका वेळी एकच गाडी, परंतु निरनिराळ्या खंडांत एकाच वेळी अनेक गाड्या. एक गाडी बेल्लमपल्लीपाशी असते तेव्हा दुसरी मंचेरियालच्या पुढे गेलेली असते आणि तिसरी कागजनगर सोडीत असते. एका गाडीचा प्रवासाचा वेळ यामुळे कमी होत नाही. दिवसभरात पोहोचणाऱ्या गाड्यांची संख्या मात्र अनेक पटींनी वाढते.

प्रक्रियकातही असेच करतात. पवईच्या वर्गातील रचनेत आज्ञेच्या प्रवासाचे सहा खंड पाडावयास सांगतात : आज्ञा स्मृतीतून आणणे, तिची उकल करणे, नोंदक वाचणे, कृती करणे, स्मृतीशी व्यवहार करणे आणि उत्तर नोंदकात लिहिणे. शंभर आज्ञा एकामागून एक पुऱ्या करावयाच्या तर ६०० ठोके लागतील. रांग लावली तर पहिल्या आज्ञेस सहा ठोके आणि पुढील ९९ आज्ञांस प्रत्येकी एक, असे १०५ ठोके पुरतात. वेग सुमारे पावणेसहापट झाला.

कागदावर हा हिशेब सुंदर दिसतो. प्रत्यक्षात लोहमार्गावर सिग्नल लाल होतो, तसा येथेही होतो. पहिली आज्ञा तिसऱ्या नोंदकात बेरीज ठेवणार आहे आणि तिच्या पाठोपाठ येणाऱ्या आज्ञेस त्याच नोंदकातील आकडा हवा आहे, असे समजा. पहिलीची बेरीज चौथ्या ठोक्याच्या अखेरीस तयार होते. नोंदकात ती सहाव्या ठोक्यास उतरते. दुसरी आज्ञा नोंदक वाचते चौथ्याच ठोक्यास. तिला जुनाच आकडा मिळेल व पुढील सारे गणित चुकेल. एक उपाय असा की दुसरीस तीन ठोके थांबवून ठेवावे. दुसरा उपाय असा की तयार झालेली बेरीज नोंदकाची वाट न पाहता थेट दुसऱ्या आज्ञेच्या हाती द्यावी. यासाठी एक जादा वाट रचावी लागते. आकडा स्मृतीतून यावयाचा असेल तर ही वाट असूनही एक ठोका थांबणे भाग पडते, कारण तो आकडा पाचव्या ठोक्याच्या अखेरीसच हाती येतो.

वळणाची आज्ञा याहूनही त्रासाची. ‘अट पुरी झाली तर अमुक ठिकाणी जा’ या आज्ञेचा निर्णय चौथ्या ठोक्यास लागतो. तोवर तिच्यामागून तीन आज्ञा रांगेत शिरलेल्या असतात. निर्णय वळण्याचा झाला तर त्या तिन्ही फुकट जातात. शंभर आज्ञांत अशी वीस वळणे घेतली गेली तर साठ ठोके वाया जाऊन १०५ चे १६५ होतात, आणि पावणेसहापट वेग साडेतीनपटीहून किंचित अधिक एवढ्यावर येतो. वेगवान प्रक्रियकांत वळणाचा आधीच अंदाज बांधण्याची यंत्रणा का असते, हे या विद्यार्थ्यास वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्याने ते साठ ठोके स्वतः गमावलेले असतात.

चुकांतून मिळणारे शिक्षण

अशा प्रकल्पात विद्यार्थ्यांचा सर्वांत अधिक वेळ रचनेपेक्षा चुका शोधण्यात जातो, आणि हा वेळ मुळीच वाया जात नाही. या आज्ञासंचाच्या काही आवृत्त्यांत पुढील आज्ञेचा क्रमांक सामान्य आठ नोंदकांपैकीच एकात ठेवलेला असतो. त्यामुळे त्या नोंदकात उत्तर ठेवणारी साधी बेरीजही वळणाचे काम करते. हे ज्याच्या ध्यानात येत नाही, त्याचा प्रक्रियक इतर सर्व चाचण्यांत उत्तीर्ण होतो व एका ठिकाणी भरकटतो.

तपासणी कोठवर करावयाची, हाही प्रश्न येथेच भेटतो. सोळा-अंकी दोन आकड्यांच्या बेरजेच्या एकूण जोड्या ४,२९,४९,६७,२९६ होतात. सेकंदास एक हजार जोड्या तपासल्या तरी सुमारे पन्नास दिवस लागतील. म्हणून कोणत्या जोड्या निवडून तपासावयाच्या हे ठरविणे ही स्वतंत्र विद्या आहे. शून्य, सर्वांत मोठा आकडा, हातचा येणारी जोडी, चिन्ह पालटणारी जोडी अशा कडेच्या जागा हेरणे विद्यार्थ्यास अनुभवाने जमू लागते.

या विद्येची किंमत उद्योगजगतानेही मोजली आहे. १९९४ साली इंटेलच्या पेंटियम प्रक्रियकात भागाकाराची चूक उघडकीस आली. भागाकारासाठी वापरलेल्या कोष्टकातील पाच नोंदी राहून गेल्या होत्या. प्रक्रियक बदलून देण्यापोटी कंपनीस सुमारे ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. पाच नोंदींची ती कथा वर्गात ऐकणारा आणि स्वतःच्या प्रक्रियकातील राहून गेलेली एक नोंद शोधण्यासाठी दोन रात्री जागणारा, या दोघांच्या समजुतीत अंतर राहणारच.

वर्गातून चिपकडे

वर्गातील रचना केवळ वर्गापुरती राहते असे नाही. अमेरिकेत कार्व्हर मीड आणि लिन कॉनवे यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस चिप रचनेचे नियम सुलभ केले. त्यामुळे विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या रचना एकत्र छापून घेणे शक्य झाले. बर्कले येथे प्रा. डेव्हिड पॅटरसन यांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून जी रचना हाती घेतली, तिच्यातून १९८२ साली ‘रिस्क-१’ ही ४४,४२० ट्रान्झिस्टरांची चिप साकारली. थोड्या व साध्या आज्ञांचा तिचा विचार पुढे जगभर पसरला. त्याच विद्यापीठात २०१० साली ‘रिस्क-फाइव्ह’ या खुल्या आज्ञासंचाचे काम सुरू झाले. तो वापरण्यास कोणासही परवाना शुल्क द्यावे लागत नाही.

आपल्या देशाचा अनुभव बोलका आहे. पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. ती कामगिरी गौरवाची होती. परंतु त्यातील प्रक्रियक ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे होते. यंत्र उभारण्याची विद्या देशात आली; त्याचे हृदय आयात करावे लागले. ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न पुढे शिक्षणसंस्थांतूनच पुढे आले. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘शक्ती’ प्रकल्पातील प्रक्रियकाची चिप २०१८ साली मोहाली येथील सेमिकंडक्टर प्रयोगशाळेत तयार झाली. पवई येथे प्रा. माधव देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेला ‘अजित’ हा बत्तीस-अंकी प्रक्रियक २०१९ साली जाहीर झाला. तोही याच प्रयोगशाळेत घडविण्यात आला. केंद्र शासनाने पुढे ‘चिप्स टू स्टार्टअप’ कार्यक्रमान्वये पाच वर्षांत ८५,००० अभियंते चिप रचनेत तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले. एवढे मनुष्यबळ केवळ काही नामांकित संस्थांतून निर्माण होणे अशक्य आहे. ते जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांतूनच यावे लागेल.

लहान गावांतील संस्थांस काय करता येईल?

बेल्लमपल्लीस शासकीय तंत्रनिकेतन आहे. चंद्रपुरात १९९६ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. नांदेडला श्री गुरु गोविंदसिंगजी संस्थेने १९८१ पासून अभियंते घडविले आहेत. अशा सीमाभागातील संस्थांत येणारे विद्यार्थी मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी अशा विविध भाषांच्या घरांतून येतात. इंग्रजी पाठ्यपुस्तकातील परिच्छेद पाठ करण्यात त्यांची शक्ती खर्च होते. प्रक्रियक रचनेचा एक मोठा गुण येथे उपयोगी पडतो. पडद्यावरील तरंगचित्र शून्याचे एक झाले की नाही, हे कोणत्याही भाषेच्या मुलास सारखेच दिसते. अभियांत्रिकीचे शिक्षण भारतीय भाषांतून देण्यास २०२१-२२ पासून प्रारंभ झाला आहे. त्या प्रयत्नासही असे प्रात्यक्षिक पूरक ठरेल.

खर्चाची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. ‘लॉजिसिम’ या साधनाने पडद्यावर तर्कद्वारे जोडता येतात. ‘जीएचडीएल’ व ‘आयकॅरस व्हेरिलॉग’ या साधनांनी रचनेची नक्कल चालविता येते. ही साधने विनामूल्य आहेत व जुन्या संगणकांवरही चालतात. एफपीजीएचे लहान फलक काही हजार रुपयांपासून मिळतात. चार विद्यार्थ्यांच्या गटास एक फलक पुरतो. फलक नसला तरी नकलेच्या आधारे निम्म्याहून अधिक शिक्षण होऊ शकते.

कामाचा क्रम मात्र पायरीने घ्यावयास हवा. प्रथम तर्कद्वारांपासून बेरजेचे मंडल, नंतर नोंदकांचा संच, मग एक-एक आज्ञा पाळणारा साधा प्रक्रियक, आणि तो निर्दोष चालल्यावरच आज्ञांची रांग. पहिल्याच सत्रात रांगेचा आग्रह धरल्यास विद्यार्थी गोंधळतात व सिद्ध रचना कोठून तरी उतरवून आणतात. नक्कल रोखण्याचा सोपा उपाय परीक्षेतच आहे. प्रत्येक गटास एक नवी आज्ञा देऊन ती स्वतःच्या प्रक्रियकात तेथल्या तेथे बसवावयास सांगावी. ज्याने रचना स्वतः केली आहे, तो कोणता धागा कोठे जातो हे लगेच सांगतो.

शिक्षकांपुढील अडचण सर्वांत मोठी आहे, हे प्रशासनाने ध्यानी घ्यावयास हवे. शिक्षकाने स्वतः एकदा तरी प्रक्रियक रचलेला असला पाहिजे. त्यासाठी सुट्टीतील वर्ग, जवळच्या मोठ्या संस्थेचे मार्गदर्शन आणि प्रात्यक्षिकाच्या तासांत वाढ आवश्यक आहे. पन्नास गटांच्या चुका पाहावयास एका शिक्षकास वेळ मिळणे कठीण असते. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांची मदत घेतल्यास तो भार हलका होतो व मदत करणाऱ्यांचेही ज्ञान पक्के होते.

आठ नोंदकांचा, पंधरा आज्ञांचा हा प्रक्रियक बाजारात विकला जाणार नाही. तो कोणत्याही भ्रमणध्वनीत बसणार नाही. टिफ्रॅकप्रमाणे तोही लवकरच जुना होईल आणि फलकावरून पुसला जाईल. तो रचणारा विद्यार्थी मात्र यापुढे कोणत्याही प्रक्रियकाकडे पाहील तेव्हा तेथे काय ठरविले गेले, कशाच्या मोबदल्यात ठरविले गेले, आणि दुसरे काय ठरविता आले असते, हे विचारू शकेल. असा प्रश्न विचारणारे तरुण बेल्लमपल्ली, चंद्रपूर वा नांदेडच्या वर्गातून निघू लागले, तर पुढच्या यंत्राचे हृदय बाहेरून मागविण्याची वेळ येईलच असे नाही. तालुक्याच्या महाविद्यालयाने येत्या सत्रात एका वर्गापुरता, एका फलकावर जरी हा प्रयोग आरंभिला, तरी तो आरंभ पुरेसा आहे.